टॉप परफॉर्मर

पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी दोन वर्षं काढली. तिथे माझी लायकी एकाच आकड्यावर ठरायची: एएचटी. म्हणजे एक कॉल संपवायला लागणारा सरासरी वेळ. टार्गेट सहा मिनिटं.

एकदा एका काकूंचा फोन आला. नवरा गेलेला, विम्याचा क्लेम अडकलेला. कुठले कागद लागतील ते त्या एकेक करून लिहून घेत होत्या. सहावं मिनिट जवळ आलं, टायमर लाल झाला. "काकू, आवाज तुटतोय," म्हणत मी फोन कापला. आवाज स्वच्छ येत होता. त्या महिन्यात मला 'टॉप परफॉर्मर'चं सर्टिफिकेट मिळालं.

आता हिशोब बघा. काकूंनी पुन्हा फोन केला असणार. दोनदा, कदाचित तीनदा. प्रत्येक कॉल सहा मिनिटांच्या आत. म्हणजे डॅशबोर्ड हिरवागार, आणि काम होतं तिथेच.

आकड्यावर दबाव आला की तो खरं सांगणं सोडतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्येच ओळखलं होतं. तरी अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आठ प्रॉडक्ट्स विकायचं ध्येय ठेवलं. कर्मचाऱ्यांनी लोकांच्या नकळत खाती उघडली. २०१६मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

"मग मोजायचंच नाही का?" असं मॅनेजर लोक लगेच विचारतात. मोजा की! मोजलं नाही तर साहेबाच्या पुढेपुढे करणाऱ्यालाच प्रमोशन मिळतं, हेही मी पाहिलंय. पण आकडा निवडताना दोन प्रश्न विचारा. हा आकडा सुधारला तर ग्राहकाचं नक्की काय भलं होतं? आणि काम न करता तो सुधारता येतो का? येत असेल, तर त्याच्या शेजारी दुसरा आकडा बसवा. एएचटीसोबत, सात दिवसांत त्याच तक्रारीसाठी किती जणांनी पुन्हा फोन केला, हे मोजा. मग फोन कापणारा 'टॉप' राहत नाही.

सोपा आकडा निवडणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत आकडा निवडणारा कधीच मोजत नाही. ती काकू मोजतात.

सर्टिफिकेट अजून माझ्या कपाटात आहे. काकूंचा क्लेम मिळाला का, ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं.