सेंद्रिय उसासाठी जिवाणूंना साथ देणारे वाण हवेत

कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले. रासायनिक खतांवाचून वाढविलेल्या उसाचा गूळ करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांपुढील मुख्य अडचण मात्र नत्राची आहे. युरियाच्या 45 किलोंच्या पोत्यात सुमारे 21 किलो नत्र असते. शेणखतात ते शेकडा अर्धाच असल्याने तेवढ्या नत्रासाठी सुमारे 4 टन शेणखत लागते.

ही उणीव काही अंशी भरून काढणारा मित्र उसाच्या अंगातच वस्ती करतो. ॲसिटोबॅक्टर या नावाने शेतकऱ्यांच्या परिचयाचा असलेला हा जिवाणू मुळांत, कांड्यांत व पानांत राहतो, उसाच्या साखरेवर पोसतो आणि हवेतील नत्र पिकास मिळवून देतो. ब्राझीलमध्ये 1988 साली योहाना डोबेरायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उजेडात आणला. लागणीपूर्वी बेणे या जिवाणूखताच्या द्रावणात अर्धा तास बुडविण्याची शिफारस राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केलेली आहे.

परंतु केवळ जिवाणूखत वापरल्याने काम भागत नाही. वाणही त्याला साथ देणारा हवा. ब्राझीलमध्ये उसाची निवड पिढ्यान्‌पिढ्या अल्प नत्रावर झाली. तेथील काही वाणांनी प्रयोगांत निम्म्याहून अधिक नत्र हवेतून मिळविले, तर काहींना ते साधले नाही. आपल्याकडे वाणांची निवड सामान्यतः पूर्ण खतमात्रा दिलेल्या क्षेत्रात होते. नत्र भरपूर असले की उसातील या जिवाणूंची वस्ती घटते. मग कोणता वाण त्यांना थारा देतो, हे कळणार कसे? भरल्या ताटावर उपवासाची परीक्षा होत नाही.

अल्प नत्रावर प्रारंभी उतारा घटेल आणि नवा वाण सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षे लागतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच निवडीची काही क्षेत्रे आजच सेंद्रिय पद्धतीची असावीत. दरम्यान को 86032 व को 92005 या प्रचलित वाणांपासून आरंभ करता येईल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी इच्छुक शेतकऱ्याच्या एकाच शेतात दोन्ही वाण लावावेत. कंपोस्ट सर्वत्र सारखे द्यावे, युरिया टाळावा आणि प्रत्येक वाणाच्या निम्म्याच बेण्यास जिवाणूप्रक्रिया करावी. तोडणीच्या वेळी ऊस व गूळ वेगवेगळा तोलून नोंद ठेवावी, खोडव्याचीही ठेवावी. अशा नोंदी कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राकडे गेल्यास नव्या वाणांच्या निवडीला शेतकऱ्याच्या शेताचा आधार मिळेल.