चाकाचे नट : उड्या मारून आवळू नका!

बंगळूरच्या चामराजपेटेपासून कृष्णराजेंद्र मार्केट हाकेच्या अंतरावर. फुले आणि भाजी घेऊन येणाऱ्या पिकअप गाड्यांची पहाटे इथे रीघ लागते. त्यातल्या एखादीचे चाक पंक्चर झाले, की पुढचे दृश्य ठरलेले. स्टेपनी चढते, नट फिरतात आणि शेवटी चालक पान्याच्या दांड्यावर उभा राहून दोन उड्या मारतो. आता काही चाक हलत नाही, अशी त्याची खात्री होते. चूक होते ती नेमकी इथेच.

साधा हिशेब पाहा. पाना अर्धा मीटर लांब आणि माणूस 70 किलोचा असेल, तर नुसते उभे राहण्यानेच नटावर सुमारे 340 न्यूटन-मीटर पीळ पडतो. उडीचा जोर वेगळाच. लहान पिकअपला बहुधा याच्या निम्माही लागत नाही. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पण पुस्तिका उघडतो कोण?

नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे चाकाची डिस्क ड्रमवर घट्ट दाबली जाते. चाक जागच्या जागी राहते ते या दाबामुळे. स्टड प्रमाणाबाहेर ताणला, तर तो मूळ लांबीवर परतत नाही. मग दाब कमी होतो आणि एखाद्या दिवशी भरल्या गाडीत स्टड तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो. सैल नटाचा शेवटही हाच. निसटलेले चाक गाडीच्याच वेगाने पुढे धावते, आणि समोर कोण आहे ते पाहत नाही.

चाक बसवण्यापूर्वी डिस्क आणि ड्रम जिथे टेकतात, तिथला गंज व माती तारेच्या ब्रशने काढावी. पुस्तिकेत सांगितले नसेल, तर आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. पान्याला दिलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणण्यात जातो, बाकीचा घर्षणात. तेलाने घर्षण घटले, की तेवढ्याच जोरात स्टड भलताच ताणला जातो. नटाची बाजू निमुळती असेल, तर ती डिस्ककडे असावी. उलटा बसवलेला नट घट्ट लागतो, पण चाक मध्यावर बसत नाही.

गाडी जॅकवर असताना सगळे नट आधी हाताने आणि मग पान्याने बेताचे बसवावेत. क्रमाने शेजारचा नट घेऊ नये. सहा नट असतील तर समोरासमोरचे, पाच असतील तर एक सोडून एक. मग चाक जमिनीला टेकवून त्याच क्रमाने अखेरचे आवळावेत, शक्यतो टॉर्क रेंचने. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करून मोकळे होणे दुकानदाराला सोयीचे. पण किती आवळले, ते त्यालाही कळत नाही. जवळच्या जे. सी. रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत. तिथे एकदा घेतलेला रेंच वर्षानुवर्षे कामाला येतो.

बंगळुरात आयुधपूजेला गाडीला केळीचे खुंट बांधतात, कोहळा फोडतात, चाकाखाली लिंबे ठेवतात. त्याच दिवशी नटांवरून नजर फिरवायला काय हरकत आहे? नटाभोवती गंजाचे ओघळ, घासून चकाकलेले लोखंड, लांबट झालेली भोके ही सैलपणाची चिन्हे. चालत्या गाडीत चाकाशी ठकठक ऐकू आली किंवा स्टिअरिंग थरथरू लागले, तर पुढच्या गावापर्यंत रेटू नये. गाडी तिथेच बाजूला घ्यावी.

आणखी एक. चाक बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात, कारण मधला रंग आणि धूळ दबून पकड थोडी ढिली होते. हे हमखास विसरले जाते. म्हणून चाक बसवले तेव्हाचा किलोमीटरचा आकडा खडूने डॅशबोर्डवर लिहून ठेवावा. मालक एक आणि चालवणारा दुसरा असेल, तर विशेषच.