उजव्या पायाची आठवण

मोटारसायकल एकदा हातापायांत मुरली की जन्मभर विसरत नाही, हा समज नागपुरात घरोघरी ऐकू येतो आणि मानसशास्त्राच्या दृष्टीनेही तो निराधार नाही. वारंवार केलेल्या कृतींची जी आठवण शब्दांत मांडता येत नाही, पण प्रसंग येताच शरीर जी आपोआप वापरते, तिला प्रक्रियात्मक स्मृती असे म्हणतात. पोहणे, सायकल चालवणे, पेटीवर बोटे फिरवणे ही सारी कौशल्ये याच स्मृतीत साठतात आणि दीर्घ खंडानंतरही बऱ्याच अंशी शाबूत राहतात. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा मोटारसायकलकडे वळणाऱ्या चालकाची अडचण मात्र या टिकाऊपणातूनच उद्भवते, कारण त्याच्या शरीराला जे आठवते ते निराळ्या यंत्राचे, निराळ्या रस्त्यांचे आणि निराळ्या वयाचे असते.

आज पन्नाशी-साठीत असलेल्या नागपूरकरांच्या तारुण्यात रस्त्यावर बुलेट, येझदी आणि राजदूत होत्या. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आणि हीरो होंडाची सीडी १०० आली आणि कॉलेजकुमारांचे जग बदलले. पुढे संसार, मुलांच्या शाळा आणि दारात आलेली चारचाकी यांत मोटारसायकल मागे पडली. २००१ नंतर होंडाच्या अ‍ॅक्टिव्हाने बिनगिअरची सोय घरातल्या सर्वांच्या हाती दिली आणि क्लच दाबण्याची सवयच अनेकांची सुटली. आता मुले पुण्या-बंगळुरूला गेली, नोकरीचा शेवटचा टप्पा आला किंवा निवृत्तीही झाली, आणि बाजारात जावा २०१८ साली व येझदी २०२२ साली नव्या रूपात परतल्या. तेव्हा जुनी इच्छा पुन्हा डोके वर काढते. या इच्छेला म्हातारचळ म्हणून हिणवण्याची रीत आपल्याकडे आहे आणि ती अन्यायाची आहे. ज्या माणसाने दोन-अडीच दशके स्वतःची आवड कुटुंबासाठी बाजूला ठेवली, त्याने ती पुन्हा जवळ करावी यात गैर काही नाही. त्याला सुखरूप घरी आणील असे ज्ञान मात्र त्याला मिळायला हवे.

शरीराची आठवण किती नेमकी असते, हे पाहण्यासाठी जुन्या बुलेटचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते. भारतीय सैन्याच्या गरजेतून ही गाडी देशात आली आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतरची कित्येक दशके तिचा मूळ घाट फारसा बदलला नाही. ती सुरू करणे हा स्वतंत्र विधी होता. चावी फिरवल्यावर टाकीपुढील अ‍ॅमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारे छोटे घड्याळ, त्याचा काटा पाहत किक हळूहळू खाली न्यायची. काटा मध्यावर आला की दट्ट्या म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या माथ्याजवळ पोहोचला असे समजायचे. मग डाव्या मुठीजवळचा डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधील दाब सोडणारी कळ, ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, कळ सोडायची आणि किक पूर्ण ताकदीने मारायची. हा क्रम चुकला तर किक उलटी फिरून घोट्यावर किंवा पोटरीवर आदळत असे, आणि तो तडाखा ज्याने एकदा सोसला त्याचा पाय पुढे क्रम चुकत नसे.

याच गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी होता. जगातील बहुतेक कंपन्यांनी १९७० च्या दशकातच गिअर डावीकडे नेला होता, परंतु बुलेटमध्ये हा बदल पूर्णपणे रुळायला एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. त्यामुळे जुन्या बुलेटवर वाढलेला चालक आजच्या गाडीवर बसतो तेव्हा शांत रस्त्यावर तो विचारपूर्वक डाव्या पायाने गिअर टाकतो आणि सारे ठीक चालते. पण व्हेरायटी चौकात एखादी ऑटो अचानक आडवी आली तर विचाराला अवधी उरत नाही, जुनी स्मृती सूत्रे हाती घेते आणि डावा पाय ब्रेक समजून गिअरचा दांडा दाबतो. गाडी थांबत नाही. उलट गिअर एकदम खाली पडून मागच्या चाकाला हिसका बसतो. इतर गाड्यांवर शिकलेले चालकही यातून सुटत नाहीत, कारण हीरो होंडाच्या जुन्या गाड्यांत चारही गिअर पुढे दाबून पडत, तर आजच्या बहुतेक मोठ्या गाड्यांत पहिला गिअर खाली आणि उरलेले वर असतात. घाईत वरचा गिअर टाकू जाणारा चालक खालचा टाकून बसतो. नव्या सवयीचे थर जुन्या सवयीवर चढतात, पण खालचा थर पुसला जात नाही आणि घाबरण्याच्या क्षणी तोच वर येतो.

या बाबतीत अमेरिकेतील एका अभ्यासाचा निष्कर्ष आजही विचार करायला लावणारा आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली आणि १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांना मोटारसायकलचा एकूण अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता, पण ज्या गाडीवर अपघात झाला तिचा अनुभव पाच महिन्यांपेक्षाही कमी होता. अनुभव नावाची वस्तू एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जशीच्या तशी उचलून ठेवता येत नाही, असाच याचा अर्थ आहे. त्याच अहवालाने असेही नोंदवले की टक्कर टाळण्यासाठी चालकाच्या हाती जेमतेम दोन सेकंद असतात आणि त्या अवधीत बहुतेक चालक मागचा ब्रेक अतिजोराने दाबून चाक घसरवतात, तर पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाहीत.

ब्रेकविषयीची ही चूक आपल्याकडे तर शिकवणीचाच भाग होती. पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर आपटशील, हा उपदेश न ऐकलेला चालक विदर्भात सापडणे कठीण आहे. जुन्या अरुंद टायरांच्या आणि ड्रम ब्रेकच्या गाड्यांवर, मुरमाच्या किंवा शेणामातीच्या रस्त्यावर, त्यात तथ्यही होते. परंतु ब्रेक लागताच गाडीचे आणि चालकाचे वजन पुढे झुकते, पुढच्या चाकाची रस्त्यावरील पकड वाढते आणि मागच्याची घटते; म्हणून कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्याच ब्रेकला करावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते, त्यामुळे धोका दिसण्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर नुसत्या विचारात संपतात. शिवाय वेग ४० वरून ६० वर, म्हणजे दीडपट, गेला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सव्वादोन पट होते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाली आणि पुढच्या ब्रेकची भीती बाळगण्याचे कारण बरेच कमी झाले. तरीही हात ती भीती धरून बसतो. ती सोडवण्याचा मार्ग एकच आहे : मोकळ्या, कोरड्या जागी कमी वेगापासून सुरुवात करून पुढचा ब्रेक हळू पण वाढत्या दाबाने पुन्हा पुन्हा लावून पाहणे.

रस्ते तर ओळखू येऊ नयेत इतके पालटले आहेत. ज्याने तरुणपणी वर्धा रोडवर गाडी मारली त्याला आज तिथे उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो दिसते; ३.१४ किलोमीटर लांबीच्या या दुमजली पुलाची नोंद गिनीजने २०२२ साली घेतली. पुलाखालच्या रस्त्यावर मात्र खांबांच्या रांगांमुळे चौकात शिरणारे वाहन ऐन वेळी दिसते, आणि जुन्या सवयीने दूरवर नजर टाकणाऱ्या चालकाला खांबाआडून येणाऱ्या स्कूटरचा अंदाज येत नाही. सिमेंटचे रस्ते सपाट आहेत, त्यामुळे नकळत वेग वाढतो. त्यांच्या सांध्यांतील लांबट फटींत अरुंद टायर ओढला जातो आणि पहिल्या पावसात पांढरे पट्टे निसरडे होतात. अमरावती रोडने कोंढाळीकडे किंवा कामठी-कन्हानवरून रामटेककडे निघालेल्या चालकाला हेही ठाऊक असावे, की समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. हे बंधन योग्य आहे, आणि परतलेल्या चालकाचे त्यात काही नुकसानही नाही. गावांतून जाणारे, चहाला थांबू देणारे जुने रस्तेच त्याला अधिक मानवतील.

नागपूरच्या उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान अनुभवले आहे. हवा त्वचेपेक्षा गार असेल तोवर वारा अंगाला थंडावा देतो, पण हवेचे तापमान चाळिशीपार गेले की तोच वारा उष्णता अंगावर आणून टाकतो आणि घाम जाणवण्याआधीच वाळवतो. म्हणून उघड्या हातांनी गाडी चालवण्यापेक्षा सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हेल्मेटखाली गुंडाळलेला दुपट्टा अधिक शहाणपणाचा. विशीत दुपारी दोन वाजता उमरेडहून येणारे शरीर आज तेच करू शकेल, असे गृहीत धरू नये. मान पूर्वीइतकी वळत नाही, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे अधिक दिपतात आणि सीताबर्डीच्या गर्दीत वारंवार क्लच दाबून डावा पंजा दुखू लागतो. ही वयाची साधी लक्षणे आहेत, त्यांत लाज वाटण्याजोगे काही नाही.

अनेकांच्या घरी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभीच असते आणि मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ करून, प्लग बदलून ती चालू करून दिली की काम संपले असे वाटते. साचलेले पेट्रोल वाळून कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट राळ धरते, हे मेकॅनिकला ठाऊक असते. टायरकडे मात्र कोणी पाहत नाही. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. १२१४ म्हणजे २०१४ सालचा बारावा आठवडा. असा टायर वरून नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झाल्यामुळे पकड गमावून बसलेला असतो आणि तो बदललाच पाहिजे. कागदपत्रांचेही तसेच : खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते, आणि वाहन परवान्याची मुदत उलटून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असल्यास पुन्हा चाचणी द्यावी लागते.

चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, म्हणजे शासनाला वयाचा विचार मान्य आहे. पण मुदतीत नूतनीकरण करणारा चालक पंधरा वर्षांत एकदाही मोटारसायकलवर बसला नसला तरी त्याला कोणी काही विचारत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हे आकडे पाहता ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. धरमपेठेत मुलांना वाहतुकीचे नियम शिकवण्यासाठी ट्रॅफिक पार्क उभारण्याची दूरदृष्टी नागपूरने दाखवली आहे. तिथे, किंवा परिवहन कार्यालयाच्या चाचणी मार्गावर, रविवारी सकाळी दोन तास परतणाऱ्या प्रौढ चालकांसाठी राखून ठेवले, एखादा जाणता प्रशिक्षक नेमला आणि पुढचा ब्रेक, आठचा आकडा, तसेच अचानक आडव्या आलेल्या अडथळ्याला वळसा देणे एवढ्या तीनच गोष्टींचा सराव करून घेतला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. महापालिका आणि परिवहन विभागाने पुढच्या उन्हाळ्याची वाट न पाहता, हवा गार असलेल्या डिसेंबर-जानेवारीतच तो उपक्रम सुरू करावा.