घरी राणी, मळ्यात सम्राज्ञी

सावद्याच्या बसस्टँडसमोर मध्यंतरी एक फ्लेक्स लागला. 'कार्यसम्राट' अमुकतमुक यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. सम्राट पांढऱ्या शर्टात, कानाला मोबाइल लावून, बहुधा साम्राज्याशीच बोलत. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, केळीच्या घडासारखी दाटीवाटीने. शेजारी गाडीची वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्याने सगळा मजकूर बोट लावून वाचला आणि मला विचारलं, "सम्राट हाये, तं मंग नयाले पानी काहून नाही येत, भो?"

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. नळाचा नय आणि केळीची केयी. प्रश्न मात्र शुद्ध मराठी होता.

सम्राट आणि पाणी यांचा संबंध आमच्या मुलखात जुना आहे. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा अजून लोक बघायला जातात. जमिनीखालून डोंगराचं पाणी शहरात आणणारी ती मोगली करामत. पण ती करवली अब्दुर्रहीम खानखानाने, म्हणजे सुभेदाराने. सम्राट त्या वेळी काय करत होते? सम्राट सम्राट होते. ते पूर्णवेळ काम आहे.

बऱ्हाणपूर आम्हाला परकं नाही. केळीचा भाव ऐकायला आजही कान तिकडेच लागतात. दिल्लीची दख्खनवरची नजर तिथूनच फिरायची. 1601 साली अकबराने असीरगड घेतला. सोन्याच्या किल्लीने किल्ला उघडला, असंही म्हणतात. फारुकींचं दोनशे वर्षांचं राज्य बुडालं आणि मग सम्राटाला तेच सुचलं जे सत्ताधीशांना सगळ्यात आधी सुचतं: नाव बदलायचं. लाडक्या दानियालच्या नावावरून खानदेशचा 'दानदेश' झाला. आईन-इ-अकबरीत तशी रीतसर नोंद आहे. दानियाल 1605 साली बऱ्हाणपुरातच दारूपायी गेला. बापाने पहारे बसवले तेव्हा हा बंदुकीच्या नळीतून दारू मागवायचा, असं त्याच्या भावाने, जहांगीरने, लिहून ठेवलंय. (लिहिणारा स्वतः काही ताकावर जगत नव्हता.) आणि दानदेश? सावद्यातल्या कुणी कुणाला "मी दानदेशी" म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ज्याच्या हुकुमाने अर्धा हिंदुस्थान हलायचा, त्याला आमच्या तोंडातल्या 'खा'चा 'दा' करता आला नाही. राज्यकर्त्यांच्या तोंडी 'खा'च शोभतो, हेही खरंच.

या घराण्याची नावं तरी बघा. जहांगीर म्हणजे जग जिंकणारा. त्याचा मुलगा शाहजहान, जगाचा राजा. त्याचा मुलगा आलमगीर, परत जग जिंकणारा. पुढे शाहआलम, परत जगाचा राजा. अहो, एकच जग एका घराण्याने किती वेळा जिंकायचं? सातबारा एकदा बापाच्या नावावर चढला की पोराने वारस लावायचा असतो. दर पिढीला नवं खरेदीखत करणाऱ्याच्या मालकीबद्दल तलाठ्यालाही शंका येते.

शंका रास्त ठरली. 1788 साली गुलाम कादिरने दिल्लीच्या लाल किल्ल्यात या जगाच्या राजाचे डोळे काढले. त्याला परत गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. दिल्लीचा बादशहा ज्यांच्या आधारावर बसत होता ते महादजी स्वतःला काय म्हणवत? पाटील. आमच्याकडे खडा भिरकावला तरी पाटलालाच लागतो, म्हणून ही गोष्ट मी जरा चवीने सांगतो. पण आपली अक्कलही फार मिरवण्यासारखी नाही. 1792 साली याच आंधळ्या बादशहाची फर्मानं आणि वस्त्रं पुण्यात पेशव्यांना द्यायला थाटाचा दरबार भरला. ज्याला आपण पोसतो त्याच्याकडून मानपान घ्यायचा आणि मग मिशीला पीळ भरायचा!

इंग्रजांनी हा खेळ कायद्याच्या भाषेत खेळला. 1835 पर्यंत कंपनीच्या रुपयांवर मोगल बादशहाचं नाव होतं. आणि 1858 साली त्याच बादशहाच्या वारसावर, बहादूरशहावर, बंडाचा खटला भरला. कुणाविरुद्ध बंड? कंपनीविरुद्ध! भाडेकरूने घरमालकावर घरात घुसल्याची फिर्याद करावी, आणि न्यायाधीशही भाडेकरूचाच मेहुणा असावा.

त्याच्या सहाच वर्षं आधी, 1852 साली, खुद्द सावद्यात दहा-पंधरा हजार माणूस गोळा झालं होतं. कंपनीच्या जमीनमोजणीविरुद्ध. पलटण येऊन म्होरके पकडेपर्यंत गर्दी हलली नाही. तेव्हा लाल किल्ल्यात बादशहा बसलेला होता, बरं का. आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी त्याच्याकडे दाद मागितली नाही. मोजणीची साखळी शेतातून कोण ओढतंय, एवढं त्यांना नीट दिसत होतं.

आता बाई येतात. 1876 साली विलायतेच्या पार्लमेंटात कायदा झाला आणि व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. घाई का? लेक जर्मनीच्या युवराजाला दिलेली. उद्या ती कैसरची बायको होणार आणि आई नुसती राणी राहणार, हे आईला सहन होईना, असं म्हणतात. म्हणजे आपल्या गुलामगिरीचा हा दस्तऐवज मायलेकींच्या मानापमानातून निघाला! त्यातही मेख अशी की पार्लमेंटात कुरकुर झाली आणि सरकारला कबूल करावं लागलं की ही पदवी विलायतेत वापरणार नाही, फक्त हिंदुस्थानपुरती. घरी राणी, मळ्यात सम्राज्ञी. इथल्यासाठी 'कैसर-ए-हिंद' हे भाषांतर निघालं. कैसर म्हणजे सीझर, आणि सीझर हे मुळात रोममधल्या एका घराण्याचं आडनाव. आमच्याकडचा एखादा चौधरी त्या वेळी रोममध्ये असता तर आज जगभर 'चौधरी-ए-हिंद' झाले असते.

1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरला तेव्हा दख्खनमध्ये माणसं दुष्काळाने मरत होती. त्या झगमगाटात आमचे सार्वजनिक काका खादीचे कपडे घालून गेले. तेवढाच एक पाहुणा शुद्धीवर होता.

रुपयावर मग 'सम्राज्ञी' अशी अक्षरं उमटली. लोकांनी त्या रुपयाला नाव काय दिलं? राणीछाप. माझ्या आजीने असे सात रुपये फडक्यात बांधून ठेवले होते. कायदा, दरबार, तोफा, हत्ती, एवढा सगळा खर्च, आणि आजीने बाईंना परत राणीच्या जागेवर बसवलं. विकायला नेले तेव्हा सराफाने तर तेवढंही बघितलं नाही. तोळा पकडला आणि काट्यावर टाकले.

शेवटही पाहण्यासारखा. डिसेंबर 1936 मध्ये एका सम्राटाने लग्नापायी गादी सोडली, धाकट्या भावाला बसवलं. दोन-सव्वादोन आठवड्यांत शेजारच्या फैजपुरात बांबूच्या मांडवाखाली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. देश 1947 साली गेला. पण या धाकट्याने 'हिंदुस्थानचा सम्राट' ही पदवी सोडली 22 जून 1948 ला. दहा महिने! शेत विकलं, ताबा दिला, तरी बुजगावण्याला आपला कोट तसाच.

फ्लेक्सचं सांगायचं राहिलं. परवाच्या वावधनात केळी आडवी झाली, तशी ती चौकटही. दोन दिवसांनी त्या म्हाताऱ्याच्या गोठ्यावरून गेलो, तर पत्र्याच्या भोकावर सम्राट पसरलेले, चार कोपऱ्यांना चार विटा. खाली म्हैस निवांत रवंथ करत होती.

"काय बाबा?" मी म्हटलं.

"आता बराबर हाये, भो," म्हातारा म्हणाला. "सम्राट हाये, म्हनून पानी येत नाही."