शेगडी कोठें ठेवावी?

खानदेशची थंडी कशी झोंबते, हें मुंबईकर वाचकांस सांगून पटत नाहीं. ज्या जळगांवांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथेंच थंडीची लाट आली म्हणजे तो १० अंशांखालीं उतरतो. मग पिंप्राळ्यास आमच्या घरीं माळ्यावरची शेगडी खालीं येते, आणि ती कोठें ठेवावी हा प्रश्न उपस्थित होतो.

विलायतेंत आमच्या पुतण्याच्या बिऱ्हाडीं ऊन पाण्याचा रेडिएटर खिडकीखालीं बसविलेला आहे. ऊब खिडकीशीं कां दवडावी, असें आम्हांस प्रथम वाटलें. परंतु त्यांत युक्ति आहे. थंड कांचेलगतची हवा जड होऊन खालीं घसरते. रेडिएटरवरून चढणारी ऊन हवा तिला वाटेंतच गांठते, आणि खोली सर्वत्र सारखी उबदार राहते. मात्र तेथें अग्नि दुसरीकडे असतो; खोलींत केवळ ऊन पाणी खेळतें. आपली शेगडी खोलींतच श्वास घेते आणि खोलींतच सोडते.

आमच्या सुनेच्या बाळंतपणांत हें आम्हीं अनुभवलें. निखारे लालबुंद फुलले होते. वडील भगिनींनीं दारें-खिडक्या लावून फटींतहि चिंध्या कोंबल्या. वर्गांत धूम-अग्नीचा दृष्टान्त जन्मभर शिकविणारे आम्हीहि ‘धूर नाहीं, मग भय कसलें?’ असें म्हणालों! पहाटे सुनेचें डोकें ठणकूं लागलें, मळमळूं लागलें. मूलहि मलूल दिसलें. दृष्ट काढण्यास दार उघडलें, आणि हळूहळू दोघांस हुशारी आली. श्रेय मीठ-मोहऱ्यांस मिळालें. खरें श्रेय दाराचें होतें, हें दुसरे दिवशीं डॉक्टरांनीं सांगितलें.

धूर तेथें अग्नि, हें खरें. परंतु धूर नाहीं तेथें विष नाहीं, हें खरें नव्हे. कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हीमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो.

तेव्हां शेगडीची जागा अंगणांत. निजावयाच्या खोलींत, विशेषतः बाळंतिणीच्या, ती नकोच. खिडकी किलकिली ठेवल्यानेंहि निर्धास्त होतां येत नाहीं. तेथें विजेचा हीटर ठेवावा, तोहि पडदे व पांघरुणें यांपासून तीन फूट दूर, आणि निजतांना बंद करावा.

शेगडीजवळ कोणाचें डोकें दुखूं लागलें, तर आधीं सर्वांस मोकळ्या हवेंत न्यावें व तत्काळ डॉक्टर गांठावा. दृष्ट मागाहून काढली तरी चालेल.