पारण्याची घाई

गेल्या आठवड्यात काटोलच्या बसस्थानकानजीक एका टपरीपुढे, सोळा तासांच्या उपवासाचे व्रत घेतलेले आमचे एक स्नेही दुपारी दोनचा ठोका पडण्याची प्रतीक्षा करीत उभे होते. आणि तो पडताच लाल तर्रीत बुडालेले दोन बशा पोहे व वर कढत चहा, असे यथासांग पारणे त्यांनी उरकले. अर्ध्या तासात करपट ढेकर देत ते मला म्हणाले, "भाऊ, या उपासानं पित्त वाढलं ना!"

दोनदाच जेवण्याचा विचार काटोलला परका नाही. १९८० साली येथूनच विधानसभेवर गेलेले डॉ. श्रीकांत जिचकार मुळात वैद्यकाचे पदवीधर; त्यांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी, खऱ्या भुकेच्या दोन वेळी आणि प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घरोघरी पोहोचविली. तिचा रोख स्थूलता व मधुमेह यांवर होता. आम्लपित्ताचा इलाज म्हणून ती निघाली नव्हती.

अन्ननलिका जठरास जेथे मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. पोटावरील मेदाचा दाब उतरला, तर जठरातील आम्ल वर ढकलले जाणे कमी होते, हा उपवासाचा खरा लाभ. परंतु दोन वेळचे अन्न एकाच बैठकीत कोंबले, की जठर ताणून ते कडे वरचेवर सैल पडते आणि आम्ल छातीपर्यंत चढते. रिकाम्या पोटीही आम्ल थोडेबहुत स्रवते, म्हणून काहींना उपाशीपणीच जळजळ होते, हेही खरे. तरी माझ्या मते बहुतेकांचा दोष उपवासाच्या तासांत नसून तो सोडण्याच्या रीतीत आहे; एकादशी अन् दुप्पट खाशी ही तर आपली पिढीजाद वहिवाट!

त्याहून मोठी चूक रात्रीची. संत्र्याच्या बागेतून उशिरा परतून दहाला झणझणीत रस्सा ओरपायचा आणि लगेच अंथरूण गाठायचे, ही दिनचर्या कायम ठेवून सकाळचा फराळ तेवढा वगळल्याने काय साधणार? जेवण व निद्रा यांत तीन तासांचे अंतर हवे. दुपारी दोन ते रात्री दहा या मुदतीपेक्षा सकाळी अकरा ते सायंकाळी सात ही बरी.

मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्यांच्या संमतीविना उपवास करू नये. घास अडकणे, कारणाविना वजन घटणे, किंवा चालताना छाती भरून येणे, यांस पित्त समजून घरी बसू नये.

आमच्या स्नेह्यांनी रात्रीचे जेवण सातवर आणले आहे. तर्रीचा विषय मात्र त्यांनी तूर्त तहकूब ठेवला आहे.