९९ फोन आणि एक हातगाडी

बर्लिनच्या रस्त्यावरून एक माणूस छोटी लाल हातगाडी ओढत चालला आहे. गाडीत ९९ जुने स्मार्टफोन, आणि प्रत्येकावर गूगल मॅप्स चालू. रस्ता जवळपास मोकळा आहे. नकाशात मात्र तोच रस्ता हिरव्याचा लाल होतो. इतके फोन इतक्या हळू सरकताहेत म्हणजे ट्रॅफिक जामच असणार, असा यंत्राचा हिशोब! सायमन वेकर्ट या कलावंताने २०२० च्या फेब्रुवारीत हा व्हिडिओ लोकांपुढे ठेवला. गूगलच्या बर्लिनमधल्या कार्यालयावरूनही त्याने ही गाडी नेली.

आमच्या काही मित्रांना हा पोट भरलेल्या माणसाचा टाइमपास वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. वेकर्टने कुणाचा कोड फोडला नाही, कुठला सर्व्हर पाडला नाही. तो फक्त रस्त्याने चालला. चालणाऱ्या एका माणसाने जगातल्या बलाढ्य कंपनीचे 'सत्य' बदलले, हा खरा उपरोध आहे. नकाशा रस्ता पाहत नाही, तो फोन मोजतो आणि उरलेले अंदाजाने भरतो, एवढे त्याने उघडे करून दाखवले.

आता हेच उलटे करून पाहा. माणसांशिवाय ९९ फोन असले तर 'गर्दी' होते. मग फोनशिवाय ९९ माणसे असली तर? रस्ता हिरवाच राहील! म्हणजे ज्याच्या हातात यंत्र नाही, तो रस्त्यावर असूनही नसतो. आम्हाला या कलाकृतीत सर्वात महत्त्वाचे वाटते ते हे.

गूगलने यावर चिडण्याऐवजी विनोद केला. भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा देशांत आम्ही कार आणि मोटरसायकल वेगळी ओळखतो, हातगाडीचे मात्र अजून जमलेले नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. बर्लिनमध्ये हातगाडी ही गंमत असेल. आपल्याकडे भाजीवाला, भंगारवाला, हमाल यांचे पोट तिच्यावर चालते. आमच्या कामातल्या एका वस्तीत अ‍ॅम्ब्युलन्स नाक्यावरच थांबली, कारण ड्रायव्हरच्या फोनवर पुढे गल्लीच नव्हती. पेशंटला चादरीत घालून पोरांनी बाहेर आणले. गल्ली तिथे होती, पिढ्यान्‌पिढ्या होती. फक्त नोंदीत नव्हती.

या कलेची मर्यादाही सांगितली पाहिजे. कंपनी हसली आणि विषय मिटला. उपरोध डोळे उघडतो, व्यवस्था बदलत नाही. शिवाय हा उपरोध करायलाही ९९ फोन लागले, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आपण व्हिडिओ शेअर करून थांबू नये. समाजशास्त्र शिकताना आम्ही एक गोष्ट शिकलो: आकडा आभाळातून पडत नाही, कुणीतरी काय मोजायचे ते आधी ठरवलेले असते. तेव्हा स्क्रीनवर कुठलाही रंग, कुठलाही आकडा दिसला की विचारा. मोजणारा कोण? मोजले काय? आणि मोजायचे राहिले कोण? आपल्या वस्तीची गल्ली नकाशात नसेल, तर ती आजच नोंदवायला बसा. हातगाडी ओढणारे आपणच आहोत, आपली नोंद दुसरा कशाला करील?